तोळामासा

मराठीत 'आकडा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वहीत लिहायचा आणि दुसरा वाकडा. (तिसरा विजेच्या तारेवर टाकायचा, पण त्याविषयी कुणी उघड बोलत नाही.) वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर पहिल्या आकड्याची सेवा केल्यावर रविवारपुरता मी दुसऱ्याच्या नादी लागलो. म्हटलं, तेवढाच बदल. पण मासे धरायच्या आकड्यालाही, म्हणजे गळालाही, आकडे असतात!

आणि तेही उलटे. सोळा नंबरचा गळ करंगळीच्या नखावर मावतो. आठ नंबरचा त्याहून मोठा, चार नंबरचा त्याहूनही मोठा. नंबर उतरला की गळ वाढला. असं करत करत एक नंबर आला की माणसाला वाटतं, संपलं. छे! पुढे १/०, २/०, ३/० अशी नवी रांग सुरू होते, आणि तिथून मात्र आकडा वाढला की गळही वाढतो. बी. कॉम. होईपर्यंत आम्हाला बजावलं होतं की काही झालं तरी शून्याने भागू नका. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अशा राशीला 'खहर' म्हटलं आणि ती अनंत मानली. आमचा दुकानदार तिला 'वन ऑट' म्हणतो आणि पुडीत बांधून देतो.

बरं, एका कंपनीचा आठ नंबर दुसरीच्या आठ नंबराशी जुळेलच असंही नाही. नॉर्वेची मुस्टाड कंपनी १८७७ पासून गळ करत आली आहे, जपान्यांचे गळही नावाजलेले आहेत. पण सगळ्यांनी मिळून एक माप ठरवलंय, असं झालेलं नाही. चपलांचंही तसंच आहे म्हणा. पण चप्पल पायात घालून बघता येते. गळ तोंडात घालून बघायचा असतो, आणि ज्याने बघितला तो अभिप्राय द्यायला थांबत नाही.

आमचं नागपूर तसं तलावांचं गाव. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, सक्करदरा, गोरेवाडा, आणि जुनी माणसं अजून ज्याला शुक्रवारी तलाव म्हणतात तो गांधीसागर. गावाबाहेरच्या अशाच एका तलावाच्या पाळीवर माझ्या शेजारी एक तरुण परदेशी काठी घेऊन बसला होता. त्याचा गळ एवढा, की त्यावर छत्री टांगता आली असती. तिथल्या एका म्हाताऱ्या ढिवराने तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "बाबूजी, कोणाले धरून राहिले? म्हशीले?" मग समजुतीनं म्हणाला, "मासोयीचं तोंड पाहून गरी घ्या. आपल्या कढईकडे पाहून नका घेऊ."

हे वाक्य बँकेच्या कर्ज विभागात फ्रेम करून लावावं असं आहे. पण म्हातारा माशांबद्दल बोलत होता आणि ते शंभर टक्के खरं होतं. गळ अंगावर बेतायचा नसतो, तोंडावर बेतायचा. मरळीचं तोंड एवढं मोठं, की ती अख्खा बेडूक गिळते. १/० तिलाच शोभतो. १९५२ साली आपल्या देशात आलेली आणि तेव्हापासून जायचं नाव न काढणारी तिलापिया; तिचं तोंड लहान, तिला आठ-दहा नंबर पुरे. कतल्याचं तोंड वर वळलेलं असतं, आमच्या साहेबांसारखं. रोहूचं खाली वळलेलं असतं, आमच्यासारखं. रोहू गोळा गिळत नाही. ओठांनी चाचपत बसतो, नोट खरी की खोटी हे पाहावं तसा.

यातला सगळ्यात नाजूक प्रकार म्हणजे जिग. तुरीच्या दाण्याएवढं शिशाचं डोकं, त्यातूनच निघालेला बारीक गळ आणि मागे पिसाची नाहीतर रबराची शेपटी. याचं वजन औंसाच्या अपूर्णांकात लिहितात. १/३२ औंस म्हणजे किती, ते मी ताबडतोब करून पाहिलं. औंस २८.३५ ग्रॅमचा, त्याचा बत्तिसावा भाग ०.८९ ग्रॅम. आता जुन्या सराफी मापात आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा तोळा, आणि तोळा ११.६६ ग्रॅमचा. तेव्हा मासा झाला ०.९७ ग्रॅमचा. म्हणजे मासा धरायचं वजन एक मासाही भरत नाही! हा शोध मी मोठ्या उत्साहाने हिला सांगितला. ही म्हणाली, "इतवारीच्या सराफ्यातून मासाभर सोनं आणलं असतं, तर दिसलं तरी असतं."

पण एवढं हलकं का, याला कारण आहे. हलकी जिग सावकाश बुडते आणि माशाच्या डोळ्यांपुढे जास्त वेळ राहते. तिला तंगूसही केसासारखा बारीकच लागतो. जाड घेतला तर तो वाऱ्यावर जातो आणि जिग त्याच्या मागून फरफटते. वारा सुटला, पाणी खोल असलं, तर १/१६ घ्यावी, म्हणजे दोन माशांना थोडी कमी. तळ कळेल इतकी जड आणि मासा बिचकणार नाही इतकी हलकी, एवढाच हिशेब. मासा लागला की हिसका द्यायचा नाही. गळाची तार बारीक असते, नुसतं मनगट उचललं तरी रुतते. जोर केलात, तर हातात मिशीएवढा तंगूस उरतो.

आमच्याकडे प्रमोशनचं सर्क्युलर येतं, तेव्हा बरोबरीचे लोक मला हिसका द्यायचा सल्ला देतात. क्लार्कचा ऑफिसर झाला की 'स्केल वन' मिळते आणि तिच्या शेपटीला बदली असते. माझ्याबरोबर लागलेला एक जण गुवाहाटीला आहे, एक कोईमतूरला. त्यांना मोठे मासे लागले, त्याचा मला आनंदच आहे. पण माझ्या घरी आई आहे, एक्याऐंशी वर्षांची. महालातल्या आमच्या घराचा जिना तिला अंधारातही पाठ आहे, कोपऱ्यावरचा डॉक्टर तिला नावाने हाक मारतो, आणि शेजारच्या काकू दुपारी तास-दीड तास येऊन बसतात. एवढ्यावर तिचं चाललेलं आहे. प्रकृती तोळामासा. हलक्या हातानं धरली तर राहील, अशी. तिच्या तंगूसाला गुवाहाटीचं वजन बांधायचं म्हणजे काय होईल, हे कळायला पाळीवर बसावं लागत नाही. म्हणून फॉर्म आला की मी त्याच्या पाठीमागे गळांचे नंबर मांडतो. मांडायला जागा भरपूर असते.

आमच्या घरात मासा चालत नाही; धरलेला चालतो, सोडून आलो तर. रविवारी संध्याकाळी मी आलो, की आई पलंगावरून विचारते, "लागला का रे?"

"लागला."

"केवढा?"

मी करंगळी दाखवतो. गळ टाकणाऱ्यांच्या जमातीत खरं माप सांगणारा बहुधा मी एकटाच असेन. पण काय करणार? बँकेतल्या माणसाला आकडा फुगवता येत नाही.

"सोडलास ना?" ती विचारते.

"सोडला."

"बरं केलंस," ती म्हणते, "त्याची आई वाट बघत असेल."