दोघांचंच गाणं

आमच्या घरात जॅझ आणलं ते माझ्या नवऱ्यानं. दर जुलैत रॉटरडॅमच्या आहॉयमध्ये नॉर्थ सी जॅझ महोत्सव भरतो. कापेलहून मेट्रोनं जाता येतं, म्हणून हा छंद परवडतो असं त्याचं म्हणणं. (तिकिटांचे दर पाहता ‘परवडतो’ हा शब्द मी तरी वापरणार नाही.) माझं जॅझशी फारसं जमलं नाही. सॅक्सोफोन आणि ड्रम एकदम सुरू झाले की मला स्वयंपाकघरातलं काहीतरी काम आठवतं. अपवाद एकाच अल्बमचा, ‘द टोनी बेनेट / बिल एव्हान्स अल्बम’. एक गाणारा, एक पियानो. तिसरं कोणीच नाही.

१९७५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत चार दिवसांत या नऊ गाण्यांचं ध्वनिमुद्रण झालं. बेनेट तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा, मोठ्या वाद्यवृंदासमोर उभं राहून गाणारा लोकप्रिय गायक. एव्हान्सची प्रकृती अगदी उलट, मान पियानोवर वाकवून स्वतःशीच बोलल्यासारखं वाजवणारा. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये एक रचना सोडली तर सगळा पियानो त्याचाच. हे दोघं एका खोलीत बसले, आणि लपायला कुणालाच जागा उरली नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाबा सांगलीहून आले, ते पहिल्यांदाच एकटे. आई आदल्या वर्षी गेली. आई भावगीतं गायची आणि बाबा तिला पेटीवर साथ करायचे. गणेशोत्सवात, ओळखीच्यांच्या घरी, आणि जास्त करून आमच्याच माडीवर, जेवणं झाल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा पेटी खालीच राहिली होती. भात्याचा डिंक सुटला, पट्ट्या फुगल्या. मिरजेहून नवी घ्यायचं ठरत होतं, तेवढ्यात आईचं दुखणं निघालं आणि पेटीचा विषय मागे पडला. तो पुन्हा निघालाच नाही.

कापेलला आल्यावर बाबांचा रोजचा फेरा आयसेल नदीवरच्या पूररोधक दरवाजांपर्यंत. १९५३ च्या महापुरानंतर डच लोकांनी जो डेल्टा प्रकल्प हाती घेतला, त्यातलं हे पहिलं काम, १९५८ सालचं. सांगलीकराला त्याचं अप्रूप वाटणारच. पाऊस असला की मात्र ते घरात बसून राहायचे, आणि इथे पाऊस केव्हा नसतो! अशाच एका संध्याकाळी मी तो अल्बम लावला होता. बाबा पेपर वाचत होते. दोन गाणी झाल्यावर म्हणाले, “हा मागनं येत नाही.”

“कोण?”

“पेटीवाला.”

मग त्यांनीच समजावलं. आपल्याकडे साथीदार गळ्याच्या मागोमाग जातो. गाणाऱ्यानं जागा घेतली की तीच जागा बोटांतून निघायला हवी, तीही सावलीसारखी, पुढे न धावता. एव्हान्स सावली होत नाही. बेनेट एक सूर धरून ठेवतो आणि एव्हान्स त्या सुराखालचे सूर बदलतो. गळ्यातला सूर तोच, पण तो आता उदास वाटायला लागतो. “गाणाऱ्यानं काहीच केलं नाही बघ, आणि गाणं बदललं,” बाबा म्हणाले.

‘सम अदर टाइम’ या गाण्याच्या सुरुवातीला डावा हात दोनच स्वरमेळांत झुलत राहतो, पाळण्यासारखा. हेच झुलणं घेऊन एव्हान्सनं १९५८ मध्ये ‘पीस पीस’ नावाची रचना केली होती. बाबांचा निकाल: “हा त्यांचा तानपुरा.” बेनेटबद्दल मात्र त्यांनी सूट दिली नाही. काही गाण्यांचा शेवट तो सभागृहात असल्यासारखा चढवतो. “समोर दोनच माणसं आहेत, एवढं कशाला?” मलाही तसंच वाटतं.

नवऱ्यानं मग रॉटरडॅममध्ये जन्मलेली रीटा रेस ऐकवली, आणि तिचा पियानोवादक नवरा पिम याकॉब्स. त्यांच्याबरोबर बहुतेक वेळा बास आणि ड्रम असतात, पण नवरा-बायको म्हटल्यावर बाबा सरसावून बसले. दोघं आहेत का, विचारलं. पिम १९९६ मध्ये गेला, रीटा २०१३ मध्ये.

“आणि ते पहिले दोघं?”

एव्हान्स १९८० मध्ये गेला, एक्कावन्नाव्या वर्षी. बेनेट २०२३ पर्यंत होता. शेवटच्या वर्षांत त्याला अल्झायमर होता, तरी २०२१ मध्ये पंचाण्णव वर्षांचा असताना तो न्यूयॉर्कच्या रंगमंचावर गायला.

बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. “दोन्हीकडं गाणारं माणूस मागं राहिलं,” ते म्हणाले. “आमचं उलटं झालं. वाजवणाऱ्यानं एकट्यानं काय करायचं?”

मला काही सुचलं नाही. नवरा उठून चहा ठेवायला गेला.

थोड्या वेळानं बाबांनीच विचारलं, “त्रेचाळीस वर्षं म्हणजे फार झाली. मग हा बेनेट नंतर कुणाबरोबर गायला?”

पुष्कळांबरोबर, मी म्हटलं. २०१५ मध्ये बिल चारलॅप नावाच्या पियानोवाल्याबरोबरही एक अल्बम केला, तेव्हा तो एकोणनव्वद वर्षांचा होता.

“चांगला वाजवतो?”

“चांगला वाजवतो.”

“मग लाव की तेही.”