पसरणीचा चढ

शुक्रवार, वाई

खंबाटकीचा घाट ट्रकांच्या धुरात पार पडला. सुरूर फाट्यावरून आत वळलो तेव्हा कुठं कान निवांत झाले. संध्याकाळी ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं, आणि आल्यावर माझ्या आणि बायकोच्या सायकलींची सीटं बोटभर वर घेतली. सीट खाली राहिलं की गुडघा जास्त वाकतो आणि चढावर सगळा ताण वाटीवर येतो. पन्नाशीत हे सांभाळायलाच हवं.

शनिवार, पाचगणी

वाई सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या. मधला घाट दहा-बारा किलोमीटरांचा. म्हणजे शंभर मीटर रस्त्याला साधारण पाच मीटर चढ, आणि तो मध्ये फारशी उसंत देत नाही.

उजाडता उजाडता निघालो. पसरणी गावातच सगळ्यात हलका गिअर टाकला: पुढं तीस दाते, मागं चौतीस. पायडलच्या एका फेऱ्याला सायकल दोन मीटरही पुढं जात नाही. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेसहा किलोमीटर. या वेगाची लाज वाटण्याचं काही कारण नाही. जड गिअर रेटला की पोटऱ्या आणि गुडघे लवकर बोलतात. हलक्या गिअरवर तेच काम हृदय आणि फुप्फुसं वाटून घेतात. रोजचा व्यायाम नसलेल्या माणसाला हाच मार्ग.

वेग ठरवायची आमची रीत सोपी आहे: चालवता चालवता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर बायको मागून म्हणाली, "अहो, हळू घ्या. मला... ते धरण..." वाक्य तिथंच तुटलं. मी वेग उतरवला. थोड्या वेळानं तिनं धोमचं पाणी, त्यामागचे डोंगर, पलीकडचा पांडवगड असं सगळं एका दमात सांगितलं. पसरणी शाहीर साबळ्यांचं गाव. त्यांच्या खड्या आवाजामागचा दमसास या चढावर नीट समजतो.

वळणांची एक खुबी. डावीकडच्या वळणाला आतली कड अंगावर येते, बाहेरून चढ सौम्य असतो. मागं-पुढं वाहन नसेल तरच थोडं बाहेरून घ्यावं. एसटीचा हॉर्न आला की मात्र कड धरायची, पाय टेकायचा, गाडी जाऊ द्यायची. थांबण्यात कमीपणा नाही. छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली, तर चढ तिथंच सोडून मदत मागायची. यात तडजोड नको.

एका कठड्यापाशी गूळ-शेंगदाणे खाल्ले. तरुण पोरांचा एक जथा उभ्यानं पायडल मारत वर गेला. "काका, मस्त!" एकजण ओरडला. आम्ही हात केला. तेवढ्यात खालच्या दरीतलं धुकं विरलं आणि वाईची कौलं दिसली. गाडीनं आलो असतो तर ही दहा मिनिटं मिळाली नसती, आणि माझ्यासाठी सगळा घाट याच दहा मिनिटांसाठी आहे.

रविवार, महाबळेश्वर

भिलार फाटा, स्ट्रॉबेरीची वाफ्यांतली लाल टिंबं, वेण्णा तलाव. रस्ता चढ-उताराचा, पण कालच्या मानानं सोपा. पाय जड होते, श्वास मोकळा.

उद्या आंबेनळीनं पोलादपूरला उतरायचं. मागच्या ब्रेकचे पॅड झिजले होते, ते आज बदलले. उतार लांब आहे. पण माझं लक्ष परवाकडं आहे: तोच घाट कोकणातून उलटा चढायचाय, आणि तो पसरणीपेक्षा कितीतरी लांब आहे.