सँडविच कोण आणणार?

‘हॅरी पॉटर’चा सातवा आणि शेवटचा भाग २१ जुलै २००७ रोजी आला. त्याच्या शेवटाला नावं ठेवायची म्हटलं की बहुतेकांचं बोट ‘एकोणीस वर्षांनंतर’च्या उपसंहाराकडे जातं. लग्नं झालेली, पोरं आगगाडीत चढतायत, त्यांना गेलेल्यांची नावं ठेवलेली. गोडमिट्ट आहे, पण मोठ्या जेवणानंतर तेवढं चालतं. मला खटकते ती त्याच्या आधीच्या प्रकरणातली एक क्षुल्लक गोष्ट. युद्ध संपलंय, दमलेल्या हॅरीला बिछाना हवाय, आणि क्रीचर तिथं सँडविच आणून देईल का, असं त्याच्या मनात येतं.

क्रीचर हा एल्फ, म्हणजे जादूगारांच्या घरचा पिढीजात गुलाम. चौथ्या भागात हॅरीची मैत्रीण हर्मायनी एल्फांच्या हक्कांसाठी बिल्ले खपवत हिंडते आणि चेष्टेचा विषय होते. सातव्या भागात ती चेष्टा वाचणाऱ्याच्याच अंगावर येते: डॉबी हा एल्फ मरतो, हॅरी जादू बाजूला ठेवून हातांनी त्याची कबर खणतो, पुढे याच क्रीचरच्या मागोमाग हॉगवर्ट्सचे एल्फ सुऱ्या घेऊन लढाईत उतरतात. एवढं झाल्यावर उपसंहारात त्यांचा उल्लेखही नाही. गॉब्लिनांचंही तेच. वस्तू घडवणाऱ्याची, पैसे मोजणाऱ्याची नव्हे, हा त्यांचा दावा चांगला दमदार आहे. पण ग्रिपहुक या गॉब्लिनने नेलेली, त्यांनीच घडवलेली तलवार ऐनवेळी हॅरीचा मित्र नेव्हिल याच्या हाती येते आणि दाव्याचं उत्तर राहूनच जातं.

हॅरीचा स्वतःचा हिशेब मात्र चोख मिटतो. सतरा वर्षांचा मुलगा मरायला म्हणून जंगलात चालत जातो, व्होल्डेमॉर्टला पश्चात्तापाची संधी देतो, आणि शेवटी वापरतो तो केवळ समोरच्याची कांडी उडवणारा मंत्र. म्हणून तर पुस्तक मिटताना मन भरलेलं असतं.

मुलांच्या पुस्तकाकडून किती मागायचं, असं कुणी म्हणेल. पण मुलांना त्या जंगलापर्यंत नेणाऱ्या पुस्तकाने त्यांना नाजूक समजलेलं नाही. खलनायक मेल्याने समाज बदलत नसतो, हा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि मला तो मान्यही आहे. प्रश्न सुटला नाही, याची तक्रार नाहीच. तक्रार आहे ती, तो पडला होता याचाच पुस्तकाला विसर पडतो, याची. आता क्रीचरचा हॅरीवर जीव आहे, तो सँडविच आनंदाने आणेल, हेही खरं. एल्फ खुशीने राबतात, हेच तर चौथ्या भागात सगळे हर्मायनीला सांगत होते.