गोधडीतला स्टुडिओ

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

प्रिय भावजी,

व्हॉट्सअॅपवरचा तुमचा सव्वाचार मिनिटांचा निरोप तीनदा ऐकला. पहिल्यांदा तुम्ही काय म्हणताय ते कळावं म्हणून, दुसऱ्यांदा आत्तींना ऐकवायला आणि तिसऱ्यांदा मागच्या जनरेटरचा आवाज किती येतोय ते बघायला. सवय जात नाही. उत्तर मात्र लिहून पाठवतेय. ऊस सुरू झालाय, आणि दर दहा मिनिटांनी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर कानठळ्या बसतील अशी गाणी लावून खालून जातो. बोलून पाठवलं असतं तर माझ्याआधी तोच तुमच्यापर्यंत पोचला असता.

फेब्रुवारीत पेन्शन येताय. शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या कुठल्या कारखान्याच्या फाटकावर निळा शर्ट घालून उभं राहायचं नाही, हे तुम्ही दोनदा म्हणालात. पटलं. ती नोकरी हलकी आहे म्हणून नव्हे; वीस वर्षं सिग्नल्समध्ये काढलेल्या माणसाला गाड्यांचे नंबर वहीत उतरवायला लावणं ही उधळपट्टी आहे म्हणून. पण सोबत जी जाहिरात पाठवलीत, ‘सहा महिन्यांत अँकर, रिपोर्टर, व्हिडिओ एडिटर’, तिथं फंडातला एक रुपयाही भरू नका. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. माझ्याकडं शिकायला येणारा शाहूवाडीकडचा एक पोरगा असल्याच एका ठिकाणी पंचेचाळीस हजार भरून आलाय. घरची म्हैस विकली होती. आठ कॉम्प्युटर, बत्तीस पोरं, आणि शेवटी सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र. मी त्याला विचारलं, माइक तोंडापासून किती लांब धरायचा? तो म्हणाला, आम्हाला पीपीटीत दाखवला होता.

वीतभर, तोही जरा बाजूला, हे तुम्हाला ठाऊक आहे. समोरून धरला की ‘प’ला फट्ट आवाज येतो. आणि आमचं नशीब असं की पंचगंगा, पन्हाळा, पूर आणि पाणी हे इथले सगळे महत्त्वाचे शब्द ‘प’वरूनच सुरू होतात.

तुम्ही विचारलंत, बेचाळिसाव्या वर्षी हे शिकता येईल का? त्याआधी जरा आपल्याच गावाकडं बघा. खरी कॉर्नरचं कॅमेऱ्याचं स्मारक तुम्ही शेकडो वेळा ओलांडलं असेल. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा परवडेना, म्हणून तो घडवायच्या नादी लागले. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी ते खूळ सोडलं नाही, कॅमेरा घडवलाच. भांडवलाला गायिका तानीबाई कागलकर उभ्या राहिल्या, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. पुढं त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत कोण शिकलं? दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम केलेला हा शांताराम पडेल ते काम करत तिथं शिकला. रंगवणारा कॅमेऱ्यामागं उभा राहिला, कॅमेऱ्यामागचा दिग्दर्शनाला लागला. १९२९ साली या चौघांनी सीताराम कुलकर्णी या सराफांना सोबत घेऊन इथंच ‘प्रभात’ काढली. ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट १९३२ साली इथंच तयार झाला, आणि आवाजाची बाजू सांभाळली दामल्यांनी. आयुष्याची पहिली वर्षं पडदे रंगवण्यात घालवलेल्या माणसानं!

१९३३ साली ‘प्रभात’ पुण्याला गेली. १९६० साली त्याच जागेवर सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. आता तिथं शिरायला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही, उत्तम माणसं घडलीत तिथं. पण या धंद्याचं शिक्षण कोल्हापुरात सुरू झालं तेव्हा कुणी दाखला मागितला नव्हता, एवढं तुमच्या वयाच्या शंकेला पुरेसं आहे.

आता माझ्या उद्योगाबद्दल. रेडिओवर मी नैमित्तिक उद्घोषक होते, महिन्याला चारसहा ड्युट्या, हे तुम्हाला माहीतच आहे. माइकसमोर बसायला जिथं शिकले तिथं पहिल्याच दिवशी मी सवयीनं म्हणाले, “आता मी आपला निरोप घेतो.” काचेपलीकडचे गृहस्थ धावत आत आले. बाई माणूस ‘घेतो’ म्हणते! त्यांना कोण सांगणार की आमच्या घरात आत्तींपासून शेंबड्या पोरीपर्यंत सगळ्या ‘आलो’, ‘गेलो’, ‘घेतो’च म्हणतात. चार महिने मी घरात ‘घेते, जाते, येते’ घोकत होते. आत्ती म्हणाल्या, “पुण्याची झालीस व्हय गं?” आज वाटतं, ते चार महिने मी दुसरं काहीतरी शिकू शकले असते. आणि गंमत बघा, सरकारच्या २००६ च्या सामुदायिक रेडिओच्या धोरणात स्पष्ट लिहिलंय की कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत आणि बोलीत असावेत, आणि निदान निम्मे कार्यक्रम तिथल्या लोकांच्या सहभागातून व्हावेत.

सातारा जिल्ह्यात हे चाललंय. म्हसवडला, माण तालुक्यात, माणदेशी फाउंडेशनचं ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे केंद्र २००८ पासून ९०.४ वर आहे. चेतना सिन्हांनी १९९७ साली बायकांची सहकारी बँक काढली, तिथलीच ही मंडळी. असल्या केंद्राला शंभर वॉटपर्यंतची ताकद मिळते. दिव्याच्या हिशेबानं एक जुना पिवळा बल्ब. दहापंधरा किलोमीटरपलीकडं त्याला कुणी ओळखत नाही, आणि तेवढं पुरतंही. बातम्या मात्र स्वतःच्या देता येत नाहीत. गावात बिबट्या आला तर जपून राहा म्हणायचं, बातमी म्हणायचं नाही!

आमच्याकडं मात्र ना लायसन, ना टॉवर. चुलतसासऱ्यांच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या खोलीत दर शनिवार-रविवारी नऊ पोरं येतात. भिंतींवर आत्तींच्या जुन्या गोधड्या टांगल्यात. नऊवारीच्या पदरांची गोधडी आवाज जितका पिते तितका महागडा फोम पीत नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. पंखा बंद, मोबाइल विमानात, आणि ट्रॅक्टर आला की सगळ्यांनी गप्प बसायचं. एका पोरीचे आईबाप बीडकडून ऊसतोडीला येतात. कारखान्याजवळच्या कोप्यांमध्ये ते राहतात आणि ती गावी आजीकडं राहून कॉलेज करते. सुट्टीत इकडं आली की माझ्याकडं येते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, “मॅडम, माझं बोलणं वेगळंय, चालंल का?” मी म्हणाले, माझंही चालत नव्हतं.

मागच्या महिन्यात एकानं सैनिक टाकळीतल्या एका आजोबांची मुलाखत आणली. टाकळीचं तुम्हाला काय सांगायचं, घरटी फौजी. पोरानं मोबाइलवर मन लावून एडिटिंग केलं होतं. खोकला काढला, ‘अं’ काढले, वाक्यांमधले श्वास कापले. काच पुसल्यासारखं स्वच्छ. आजोबांच्या बायकोला ऐकवायला घेऊन गेलो. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “आवाज ह्यांचाच हाय. पर हे न्हाईत ह्ये. हे बोलताना मधी थांबत्यात.” पोरगं त्या रात्री बसून सगळे श्वास परत घालत होतं. खोकला त्यानं एकच ठेवला, त्यावर आमचा अजून वाद आहे.

पोरांना यंत्र येतं भावजी, मला लाज वाटावी इतकं भराभर येतं. त्यांना येत नाही ते वेगळंच. २०१९ च्या ऑगस्टचा पूर आठवा. तुम्ही वर ड्युटीवर होतात, फोन लागत नव्हता. राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ ला. पाणी पंचावन्नच्या वर गेलं होतं. शिरोळ तालुका पाण्यात. आणि आमच्या फोनवर काय, तर राधानगरी धरण फुटलं! झालं होतं एवढंच, की स्वयंचलित दरवाजे उघडले होते. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, त्यासाठीच तर ते बसवलेत. पण ‘सातही दरवाजे उघडले’ याचं ‘धरण फुटलं’ व्हायला अर्धा तास पुरला. लोक रात्री म्हशी सोडून पळाले. कुणी तरी जुन्या पुराचा व्हिडिओ नवा म्हणून फिरवला आणि आमच्यातल्याच शिकल्यासवरल्यांनी तो पुढं ढकलला. मीही एक ढकलला होता. हे तुमच्या भावाला अजून सांगितलेलं नाही.

म्हणून मला तुम्ही हवे आहात. तुमच्या जबलपूरच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या आठवड्यात जे हाडात भिनवतात तेच आमच्या पोरांना कुठल्या अॅपमध्ये मिळत नाही. आधी ऐकायचं, मग बटन दाबायचं. कोण बोलतंय, कुठून, किती वाजता. आलेला निरोप परत म्हणून दाखवायचा. नीट ऐकू आलं नाही तर अंदाजानं भर न घालता ‘से अगेन’ म्हणायचं, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही.

तुम्हाला शिकायचंय तेही आहेच. कॅमेरा समोर आला की तुम्ही सावधान होता. जाऊबाईंच्या बाळाच्या बारशाच्या व्हिडिओत बाळासकट सगळे हलताहेत, तुम्ही नाही. दुसरं, काही सांगायचं नाही ही सवय. जे सांगायचं नाही ते खरंच सांगू नका, पण फौजेबाहेरचं सगळंच गुपित नसतं. आणि तिसरं मी मोठी म्हणून सांगते. छातीवर मेडल लावून रात्री चॅनेलवर ओरडणाऱ्या रिटायर्ड मंडळींत बसायचा मोह होईल, तिथून बोलावणंही येईल. नका जाऊ. तिथं माइक असतो, ऐकणारं कुणी नसतं.

त्यापेक्षा हे बघा. गोव्यात ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ म्हणून संस्था आहे, २००३ पासूनची. वस्त्यांमधल्या, खेड्यांतल्या माणसांना कॅमेरा शिकवून तिथलेच वार्ताहर करते. त्यांची एक रीत मला फार आवडते. गावच्या हापशाचा व्हिडिओ असला तर शेवटी वार्ताहर संबंधित अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर सांगतो आणि म्हणतो, यांना फोन करा. हापसा दुरुस्त झाला की दुसरा व्हिडिओ. त्या दुसऱ्या व्हिडिओचेही पैसे मिळतात. आम्ही पाणंद रस्त्यावर एक केलाय, तलाठ्यांना फोन गेले, रस्ता अजून तसाच आहे. दुसरा व्हिडिओ तुम्ही आल्यावर करू.

पैशांचं खोटं सांगत नाही. या नादावर घर चालत नाही. लग्नाचे व्हिडिओ, साखर कारखान्याची वार्षिक सभा, एखाद्या दूध संस्थेचा माहितीपट, असं मिळतं पोरांना. पेन्शन असलेल्या माणसाला ते वरचं म्हणून चालेल, पंचेचाळीस हजार भरलेल्याला नाही. तुमच्या युनिटमध्ये पुनर्वसनाच्या कोर्सची यादी लागेल ती मला पाठवा, मिळून वाचू.

शनिवारी मी पोरांना म्हणाले, एक हवालदार येणार आहे शिकवायला आणि शिकायला. बीडच्या पोरीनं विचारलं, मग त्यांना सर म्हणायचं का भाऊ? तुम्हीच ठरवा.

तुमची,
वहिनी

ता. क. मागच्या वेळी बँकेचा कोड फोनवर सांगताना तुम्ही ‘किलो, ब्राव्हो’ म्हणालात. आत्तींनी पलीकडच्या दुकानातून एक किलो रवा आणून ठेवला होता. परत म्हणवून घ्यायला विसरलात.