रोज सत्तावीस

भोईवाडा, परळ
रविवार, रात्री

प्रिय ताई,


आधी कबुली देतो, मग हवं तेवढं हस. सातपूरच्या घरात तू दारावर पिरॅमिड चिकटवलेस तेव्हा मी जेवताजेवता जे व्याख्यान झोडलं होतं, ते तू विसरली नसशीलच. वर नारळीकरांच्या चाचणीचं कात्रणही पोस्टाने धाडलं होतं : 27 ज्योतिषी, प्रत्येकाला 40 कुंडल्या, मूल हुशार की मतिमंद एवढंच ओळखायचं, आणि बरोबर उत्तरं सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी शंभरात चार जास्त आली असती. तर तो तुझा भाऊ गेले नऊ दिवस घरात फेंगशुई करतोय.

निमित्त गणपतीचं. यंदा खोलीला रंग काढायचाच असं ठरलं. रंगारी आला, उंबऱ्यातूनच आत बघितलं आणि म्हणाला, “काका, भिंत कुठाय?” मी चिडलो, पण प्रश्न रास्त होता. दहा बाय सोळाची खोली, त्यात आई-अप्पांपासूनचं सगळं. खाटेखाली ट्रंका, ट्रंकांवर ट्रंका, माळ्यावर काय आहे ते फक्त उंदरांना ठाऊक.

याआधी मी तीनदा आवरायला काढलं होतं, माझ्या पद्धतीने. वहीत दोन रकाने : लागतं, लागत नाही. तिन्ही वेळा मिळून बाहेर गेला तो डालड्याचा एक गंजका डबा, आणि तोही तुझ्या वहिनीने तुळशीसाठी परत आणला. बंब? गॅस संपला तर. तुटका स्टोव्ह? पितळ आहे. 1994 ची दिनदर्शिका? मागची बाजू कोरी आहे. एकेका वस्तूचं वकीलपत्र मीच घेत होतो आणि एकही खटला हरत नव्हतो.

मग सूनबाईने दोन पुस्तकं आणून दिली. वाचायला लागलो तर पहिल्यांदा कळलं की ही विद्या नुसती घराची नाही, थडग्याचीही. चौथ्या शतकातल्या कुओ पू नावाच्या चिनी पंडिताच्या नावावर जो ग्रंथ सांगतात तो मुडदे पुरण्याबद्दल आहे. चैतन्य वाऱ्याने उधळतं, पाण्यापाशी थांबतं, म्हणून पूर्वजाला पुरायचं ते जागा बघून. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. अगं, वारा आणि पाणी! या दोन गोष्टींवर चाळीत जेवढी भांडणं झाली तेवढी चीनमध्ये तरी झाली असतील का? पाणी पहाटे येणार, पिंप भरेस्तोवर जाणार. वाऱ्यासाठी गॅलरीत कोणी कुठे पथारी टाकायची यावरून अप्पा आणि शेजारचे काका वर्षभर बोलत नव्हते.

आता कोपऱ्यांचं ऐक. एका पुस्तकात दारात उभं राहून मोजायचं. ही पद्धत लिन युन नावाच्या गुरूने गेल्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातून पसरवली. तिच्याप्रमाणे आत शिरताना डाव्या हाताचा लांबचा कोपरा संपत्तीचा. तिथे आपली मोरी! आई-अप्पांचा पैसा आयुष्यभर कुठे वाहून गेला त्याचा शोध लागला म्हणायचा; उगीच आपण गिरणी संप सुरू झाला त्या 18 जानेवारी 1982 ला दोष देत बसलो. दुसरं पुस्तक होकायंत्राचं. त्यात संपत्ती आग्नेयेला. आपलं दार पूर्वेला, म्हणजे दाराच्या मागचा, चपलांचा कोपरा. दोन पुस्तकांतून एकाच खोलीत दोन संपत्त्या निघाल्या आणि दोन्ही ठिकाणी पाय धुवायचे किंवा चपला काढायच्या. तिथेच मी पुस्तक मिटणार होतो.

पण एका पानावर अडकलो. घरात काहीतरी तुंबलंय असं वाटलं की रोज 27 वस्तू जागच्या हलवायच्या, सलग नऊ दिवस. बस्स, एवढंच. पुन्हा 27! पहिल्या दिवशी हसलो, कारण आपल्याकडे चहा करायचा तर दहाबारा वस्तू हलतातच. तिसऱ्या दिवशी मांडणी, कपाट, देव्हारा सगळं हलवून झालं आणि आकडा भरेना. मग खाट ओढली. चौथ्या दिवशी माळ्यावर चढलो. हातात वस्तू आली की ती परत तिथेच ठेवायची नाही, एवढा एकच नियम. का, ते पुस्तक सांगत नाही, आणि तीच त्याची खुबी. ज्या नियमाला कारणच नाही त्याच्याशी हुज्जत काय घालणार? बंबाची बाजू मांडायला कोर्टच नव्हतं. उचलला, ठेवायला दुसरी जागा नाही, भंगारवाल्याला दिला. मी कुठल्याही चैतन्यावर विश्वास ठेवायला लागलेलो नाही, हे लिहून ठेव. पण तर्काने जे साठवलं ते तर्काने बाहेर जात नव्हतं, हेही लिही.

आईला हे आपल्याआधी ठाऊक होतं बहुतेक. लक्ष्मीपूजनाच्या रात्री उशिरा ती सूप बडवत, केरसुणीने केर गॅलरीच्या टोकापर्यंत नेऊन टाकायची. अलक्ष्मीला हाकलायची. अप्पा कूस बदलून म्हणायचे, “झोपू द्या, कामगारांना सकाळी पाळी आहे.” आणि बोहारीण आठवते का? दोन साड्यांवर एक पातेली, तासभर घासाघीस. घर रिकामं करताना शेवटी एक भांडं घरात आणणारी आई!

सूनबाईने पुस्तकांबरोबर लाफिंग बुद्धाही दिलाय. त्याची चौकशी केली. तो बुद्ध नव्हेच, दहाव्या शतकातला एक फिरता चिनी भिक्षू. पुताई, म्हणजे कापडी झोळी. मिळेल ते झोळीत टाकायचं आणि झोळी खांद्यावर घेऊन हिंडायचं. अडगळ काढायच्या घरात नेमका हाच! तुझ्या वहिनीने त्याला टीव्हीवर बसवलाय. माझ्याकडे बघून हसतो, जातवाला भेटल्यासारखा.

गोधड्या आणि चादरी धुऊन टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना दिल्या. तीन बंद घड्याळं गेली. सहाव्या दिवशी ट्रंकांची चळत उतरवली आणि पश्चिमेची खिडकी खालपर्यंत उघडली. खालची झडप मी शेवटची कधी उघडी पाहिली ते आठवेना. कडीवर रंगाचे तीन थर. हातोडीने ठोकून काढली, संध्याकाळी समुद्राकडचा वारा आत आला आणि भिंतीवरची दिनदर्शिका फडफडायला लागली. वहिनी म्हणाली, “पैसा येवो न येवो, घाम तरी येत नाही.”

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सर्वांत खालच्या ट्रंकेत अप्पांचा गिरणीचा पास आणि घराच्या सोडतीसाठी भरलेल्या अर्जाची पावती निघाली. जुने कागद माणसाला मागे ओढतात म्हणे. ओढू देत. 2012 पासून सोडती निघतायत, आपला नंबर लागलेला नाही, पण पावती फाडायला मी चिनी नाही. त्याखाली आईची खानावळीची वही. प्रेमाताई पुरवांच्या, खानावळवाल्या बायकांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाच्या बैठकीला आई ती ज्या पिशवीतून न्यायची, त्याच पिशवीत. चौदा माणसांचे रकाने, दोन वेळच्या जेवणाला दोन उभ्या रेघा. संपाच्या महिन्यांतही रेघा तशाच, पैशाचा रकाना मात्र रिकामा. फेब्रुवारीत चौदा, जूनमध्ये अकरा, दिवाळीत सहा. गावी गेला त्याच्या नावापुढे आई ‘गेला’ असं लिहायची, ‘बाकी’ असं कुठेच नाही. शेवटच्या पानावर आपली दोघांची नावं. तुझ्या नावापुढे त्या वर्षी कित्येक रात्री एकच रेघ आहे. मला वाटायचं, तुला खरंच भूक नसायची.

पुस्तक म्हणतं, वसूल न होणारी उधारी घरात ठेवू नये. नवव्या दिवशी ती वही सत्ताविसावी वस्तू होती. हलवली. आग्नेयेच्या कोपऱ्यात, चपलांच्या वरच्या फळीवर ठेवलीय, मोरीत ओल असते म्हणून.

खानावळीचं मोठं पातेलं तेवढं तुझं. भंगारवाला वजन करून बसला होता, मी काट्यावरून उतरवून घेतलं. गणपतीला येशील तेव्हा घेऊन जा. आणि येताना दार नेहमीसारखं खांद्याने ढकलू नकोस. त्याच्या मागे आता अडगळ नाही, सरळ भिंतीवर आपटतं, आणि रंग ओला असेल.

तुझा,
धाकटा