ठेंगण्या श्वानांच्या मुलुखांत

वेल्स देशाच्या नैर्ऋत्य कोंपऱ्यांत पेम्ब्रोकशर नांवाचा प्रांत आहे. तीन बाजूंस समुद्र, आंत हिरवीं कुरणें, कुरणांभोंवतीं दगडमातीचे बांध आणि त्या बांधांवर वाऱ्यानें एका अंगास वांकलेलीं कांटेरी झाडें, असें त्याचें रूप आहे. उत्तरेकडे तैवी नदी ओलांडली कीं कार्डिगनशर लागतें. या दोन शेजारी प्रांतांनीं जगास दोन ठेंगण्या कुत्र्यांच्या जाती दिल्या; दोहोंचेंही आडनांव कॉर्गी. इंग्लंडच्या दिवंगत राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या पायांपाशीं घोटाळणारीं, कोल्ह्याच्या तोंडाचीं, वीतभर पायांचीं कुत्रीं वाचकांनीं वृत्तपत्रांतील चित्रांत पाहिलीं असतीलच. त्यांचें हें माहेर.

आमचे चिरंजीव कार्डिफ येथें वैद्यकी करतात. त्यांच्या घरीं सोनी नांवाची पेम्ब्रोक कॉर्गी कुत्री आहे. तिचें एक वेत व्हावें अशी सूनबाईंची फार इच्छा होती. गेल्या शरदृतूंत तैवीच्या मुखाशीं वाळवंटावर कांहीं कॉर्गीपालक आपापलीं कुत्रीं घेऊन जमणार असल्याचें त्यांस कळलें, व आम्हांसही सोबत येण्याचा आग्रह झाला. उपवर मुलींसाठीं स्थळें पाहावयास आम्ही पुष्कळ हिंडलों आहों. परंतु कुत्रीसाठीं स्थळ पाहावयास निघण्याचा प्रसंग आमच्या कुळांत हा पहिलाच.

कार्डिफहून हॅव्हरफर्डवेस्टपर्यंत आगगाडीनें सुमारें अडीच तास लागतात. कुत्र्यास तिकीट पडत नाहीं. सोनी बांकाखालीं निजली आणि आम्ही खिडकीशीं बसून स्थानकांवरील दुहेरी पाट्या वाचूं लागलों. तेथें प्रत्येक पाटी वेल्श व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असते. वेल्श भाषेंत 'कॉर' म्हणजे खुजा व 'की' म्हणजे कुत्रा. समासांत 'क'चा 'ग' होतो व 'कॉर्गी' शब्द सिद्ध होतो. वाक् आणि ईश मिळून वागीश होतो, तसाच हा प्रकार. शिवाय हा 'की' आणि आपला 'श्वन्' हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मूळापासून निघालेले आहेत, असें भाषाशास्त्री सांगतात. जन्मभर ज्याचीं रूपें मुलांकडून घोकून घेतलीं, त्या शब्दाचा भाऊबंद इतक्या दूर भेटल्यानें आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

वाटेंत कार्मार्दन लागतें. 1925 सालच्या डिसेंबरांत कॉर्गी पाळणाऱ्यांची पहिली मंडळी येथें स्थापन झाली. तींत पेम्ब्रोककडील कुत्र्यांचा पक्ष प्रबळ, म्हणून कार्डिगनवाल्यांनीं लौकरच आपला संघ वेगळा काढला. 1928 सालीं इंग्लंडच्या केनेल क्लबनें कॉर्गीस मान्यता दिली खरी, पण दोन्ही प्रकार एकाच नांवाखालीं घातले. ते दोन स्वतंत्र वाण होत, हें 1934 सालीं ठरलें. कार्डिगन कॉर्गी अंगानें किंचित् थोर, कान मोठे व गोलसर, शेंपूट लांब व झुपकेदार. पेम्ब्रोकचे कान टोंकदार, आणि शेंपूट बहुधा जन्मतांच आखूड किंवा लहानपणींच कापलेलें. ही कापण्याची चाल वेल्समध्यें 2007 सालीं कायद्यानें बंद झाली. त्यामुळें आतां पुष्कळ पेम्ब्रोक कॉर्गींस पूर्ण शेंपूट दिसतें.

पुढें व्हिटलंड नांवाचें लहानसें स्थानक आलें. दहाव्या शतकांत हावेल नांवाच्या राजानें येथें देशभरचे जाणते लोक बोलावून वेल्श धर्मशास्त्र एकत्र करविलें, अशी परंपरा आहे. त्या स्मृतींत गुराख्याच्या कुत्र्याचें मोल एका बैलाइतकें सांगितलें आहे. मात्र तो सकाळीं गुरांच्या पुढें जातो व सायंकाळीं त्यांस राखीत मागून येतो, हें मालकानें शपथेवर सांगावें, व शेजाऱ्यांनींही तशीच शपथ घ्यावी, असा निर्बंध होता. कुत्र्याची योग्यता एकट्या मालकाच्या शब्दावर ठरत नसे, हें आम्हांस विशेष वाटलें. पुढें वाळवंटावर त्याची पुन्हा आठवण झाली.

कॉर्गीचा मूळ धंदा गुरें हांकण्याचा. मागून जाऊन तो गुराच्या टांचेस हळूच चावा घेतो व लगेच भुईसरपट होतो. गुरानें झाडलेली लाथ डोक्यावरून निघून जाते. पाय आखूड आहेत ते याच कामीं उपयोगी पडले. पूर्वीं हजारों गुरें वेल्समधून पायीं इंग्लंडच्या बाजारास जात. आगगाडी आली, कुंपणें झालीं, आणि हें काम सरलें. त्यानंतर या कुत्र्यांस घराचा व पुढें राजवाड्याचा आश्रय मिळाला. 1944 सालीं राजकन्या एलिझाबेथ यांस अठराव्या वाढदिवशीं सुसान नांवाची कॉर्गी भेट मिळाली. तिचा वंश राजवाड्यांत चौदा पिढ्या चालला व 2018 सालीं विलो नांवाच्या कुत्रीबरोबर संपला. आपल्याकडे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत इंद्राच्या गाई शोधणारी सरमा आहे. तिच्यावरूनच कुत्र्यास सारमेय म्हणतात. मातेच्या नांवानें श्वानकुल ओळखण्याची रीत अशी बरीच जुनी आहे.

हॅव्हरफर्डवेस्टहून मोटारीनें फिशगार्डमार्गे कार्डिगन गांठलें. डावीकडे समुद्र व उजवीकडे प्रेसेली डोंगर, असा तो रम्य रस्ता आहे. दुसरे दिवशीं सकाळीं नदीमुखाजवळच्या पॉपिट वाळवंटावर गेलों. ओहोटीमुळें वाळू दूरवर उघडी पडली होती आणि तींवर वीस-पंचवीस कॉर्गी मोकळे धांवत होते. कोणी एक धांवूं लागला कीं बाकीचे त्याच्या टांचांमागें लागत. गुरें गेलीं, पण संवय गेली नाहीं!

माणसांची ओळख कुत्र्यांवरून होत होती. "आपण सोनीची आई ना?" असें विचारीत एक बाई सूनबाईंजवळ आल्या. कुत्र्याचें नांव, मग त्याच्या आईबापांचें, मग आजोळचें, असा प्रश्नांचा क्रम होता. सोनीची पणजी आणि अमक्याची आजी सख्ख्या बहिणी, असा शोध लागतांच दोन घरांचें नातें जुळल्यासारखा आनंद झाला. आपल्याकडे लग्नघरीं मूळ गांव कोणतें, मामा कोण, हें विचारतां विचारतां दूरचें नातें निघतें, अगदीं तसेंच हें चाललें होतें.

आणि जेथें कुळें जुळवावयाचीं, तेथें कुळदोषही पाहावे लागतात. कोणत्याही शुद्ध वाणांत आरंभीचे पूर्वज थोडे असतात; मग इच्छित रूप टिकविण्यासाठीं जवळच्या नात्यांतच जोड्या लावण्याचा मोह होतो. आपल्या स्मृतिकारांनीं पित्याकडून सात व मातेकडून पांच पिढ्या टाळावयास सांगितल्या. केनेल क्लबानें 2009 सालापासून बापलेक, मायलेक व सख्खीं भावंडें यांच्या संततीची नोंद बंद केली. उशिरां सुचलें, पण योग्य सुचलें.

जमलेल्या मंडळींत एका वृद्ध बाईंचा कुत्रा दोन चाकांच्या लहान गाड्यावर होता. अकरा वर्षांचा, मागील पाय लुळे, पुढील पायांनीं तो आपला गाडा ओढीत समुद्राकडे निघाला होता. या रोगास 'डीजनरेटिव्ह मायलोपथी' म्हणतात. उतार वयांत मज्जारज्जू हळूहळू झिजतो. वेदना होत नाहींत, पण पायांचें बळ जातें. या रोगाशीं संबंध असलेला जनुकांतील दोष 2009 सालीं उघडकीस आला. आईकडून एक व बापाकडून एक असे दोन सदोष अंश ज्यास मिळाले, त्यास धोका. एकच असेल तर बहुधा रोग होत नाहीं, पण तो पुढील पिढीस जाऊं शकतो. दोन असलेल्या सर्वांसच रोग होतो असेंही नाहीं. गालाच्या आंतून कापसानें लाळ घेऊन ही परीक्षा करतां येते.

त्या बाईंनीं आपल्या कुत्र्याच्या बहिणीचीं पिल्लें पूर्वीं कित्येक घरीं दिलीं होतीं. रोगाचें निदान होतांच त्यांनीं त्या प्रत्येक घरीं पत्र लिहून कळविलें. सोनीची मातामही याच शाखेंतली निघाली, तें ऐकून सूनबाईंचा चेहरा उतरला. जवळ उभे असलेले एक गृहस्थ जरा त्रासून म्हणाले, "असें सांगत सुटल्यास पिल्लें घेणार कोण?" बाई शांतपणें म्हणाल्या, "ज्यांनीं घेतलीं, त्यांनींच जिने चढतां न येणारा कुत्रा उचलून न्यावयाचा आहे. त्यांस आधीं कळूं नये काय?"

गृहस्थांची अडचणही खोटी नव्हती. पेम्ब्रोक कॉर्गींत हा दोष इतका पसरला आहे कीं तो असलेलीं सगळींच कुत्रीं वंशवृद्धींतून वगळलीं, तर उरलेल्या थोड्यांत पुन्हा निकटचे संबंध वाढतील व दुसरेच दोष वर येतील. 2014 सालीं या वाणाच्या अवघ्या 274 पिल्लांची नोंद झाली होती व त्याचें नांव संकटांतील वाणांच्या यादींत गेलें होतें. पुढें संख्या वाढली. पण वाण किती नाजूक, हें तेव्हां सर्वांस कळलें. म्हणून जाणते लोक सदोषास एकदम टाकीत नाहींत. त्याची जोडी निर्दोषाशीं लावतात. पण त्यासाठीं दोष कोठें आहे, हें प्रत्येकानें खरें सांगितलें पाहिजे.

परततांना सूनबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मामंजी, आधीं परीक्षा करवूं. मग काय तें ठरवूं." कांहीं आठवड्यांनीं उत्तर आलें: सोनीच्या ठायीं एक सदोष अंश आहे. डोळे व खुबे यांची तपासणी चांगली निघाली. मग परीक्षेंत पूर्ण निर्दोष ठरलेला, दूरच्या शाखेचा नर स्वान्सीकडे मिळाला. अशा जोडीच्या कोणत्याही पिल्लास दोन सदोष अंश मिळत नाहींत. वसंतांत चार पिल्लें झालीं. प्रत्येक पिल्लाबरोबर सूनबाईंनीं सोनीच्या परीक्षेचा कागद दिला, आणि लांब पाठीच्या या प्राण्यास लठ्ठ होऊं देऊं नये, पलंगावरून उड्या मारूं देऊं नये, अशी सूचनाही लिहून दिली.

पुण्यामुंबईकडेही आतां हीं कुत्रीं दिसूं लागलीं आहेत. जाड दुहेरी केंसांचा हा प्राणी थंड देशाचा. आपला उन्हाळा त्यास जड जातो. तरीही ज्यांस घ्यावयाचाच असेल, त्यांनीं रूप व किंमत पाहण्याआधीं आईबापांच्या परीक्षांचे कागद मागावे. आणि एक गोष्ट मनांत आली ती लिहिल्यावांचून राहवत नाहीं. विवाह जुळवितांना घरांतील आजार झांकून ठेवणारीं कुळें आपल्यांत कमी नाहींत. त्या वृद्ध बाईंस आपल्या कुत्र्याविषयीं जें सांगावेंसें वाटलें, तें आपल्या मुलामुलींविषयीं सांगण्याचें धैर्य आपणांस व्हावें.