यादीत नसलेली माणसं

सांगली,
१२ ऑगस्ट

चि. छोटी,


तुझं पत्र आणि सोबतची कार्यक्रमपत्रिका कालच मिळाली. फौंड्रीला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण होतात, खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की सगळ्या कामगारांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, आणि त्या वेळी वाचून दाखवायला कृतज्ञतेवर चार ओळी मामानं लिहून द्याव्यात, असं तू म्हणतेस. हे तुझ्या मनात आलं याचंच मला फार समाधान वाटलं. दाजी गेल्यावर कर्जाचे हप्ते आणि रिजेक्शनच्या तक्रारी एकदमच तुझ्या अंगावर आल्या. त्यातून वर मान काढून माणसांचा विचार करायला सवड काढलीस. पण चार ओळींत माझं भागायचं नाही, म्हणून हे मोठं पत्र लिहितोय. सावकाश वाच.

सत्काराची यादी मी नीट पाहिली. मोल्डिंग, कोअर शॉप, फर्नेस, मशीन शॉप, ऑफिस, सगळे आहेत. गेटवरचा वॉचमन आहे, बागेचं बघणाऱ्या आजी आहेत. फेटलिंगमधलं मात्र एकही नाव नाही. कारण मला कळतं. फेटलिंग ठेक्यावर आहे, ती माणसं आपल्या हजेरीपटावर नाहीत, त्यामुळे ऑफिसनं काढलेल्या यादीत ती येणार कुठून? त्याच पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की ट्रॅक्टरच्या ऑर्डरी उतरल्यात, दिवाळीनंतर ठेक्याची माणसं निम्म्यावर आणावी लागतील. एकाच पत्रातल्या या दोन गोष्टी मला शेजारीशेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात.

मागच्या खेपेला मी आलो तेव्हा तू बँकेत गेली होतीस. मी शेडच्या मागच्या बाजूला, फेटलिंगमध्ये गेलो. वाळूतून बाहेर काढलेलं कास्टिंग तिथे येतं, रनर-रायझर तोडायचे, चिकटलेली वाळू झटकायची, ग्राइंडर मारून कडा साफ करायच्या. एक पोरगा तोंडाला ओला गमछा बांधून सिलिंडर हेडवर ग्राइंडर धरून बसला होता. ठिणग्या पायाशी पडत होत्या आणि पापण्यांवर राखेसारखी धूळ बसली होती. जेवणाच्या सुट्टीत त्यानं नळाखाली गमछा पिळला तेव्हा काळं पाणी वाहिलं. सुपरवायझरला मी त्याचं नाव विचारलं. "ठेकेदाराचा आहे," एवढंच त्याला माहीत होतं. मग मीच त्याच्याशेजारी जाऊन बसलो. दरभंग्याकडचा. मुलगी झालीय, तिला त्यानं अजून फोनवरच पाहिलंय. फौंड्रीत येण्याआधी वीटभट्टीवर होता, तिथल्यापेक्षा इथे पैसे वेळेवर मिळतात म्हणाला. तुझ्या कारखान्याबद्दल त्याच्या तोंडून चांगलंच ऐकलं, हेही तुला सांगायला हवं.

पण ती धूळ साधी नाही. मोल्डिंगच्या वाळूत सिलिका असते. तिचे अगदी बारीक कण, जे डोळ्यांना दिसतही नाहीत, ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि तिथे व्रण धरतात. माणसाला वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, मग एक दिवस जिना चढताना दम लागतो. सिलिकोसिस झाला की तो बरा होत नाही. गमछ्यानं हे कण अडत नाहीत, ओला असला तरी. तू बाहेर पाठवतेस ते प्रत्येक कास्टिंग या पोरांच्या हातांखालून जातं. गिऱ्हाइकाला ते गुळगुळीत मिळावं म्हणून त्याची खरखर कोण छातीत घेतो, हे खंडेनवमीच्या सत्कारात कुणी बोलणार नसेल तर माझ्या चार ओळी कशाला हव्यात?

तुला आठवतं का, लहानपणी दाजी आपल्याला किर्लोस्करवाडीला घेऊन गेले होते? तेव्हा तू खूप लहान होतीस, आगगाडीचंच कौतुक जास्त होतं तुला. पण त्या वाडीची गोष्ट आता मालकीण म्हणून पुन्हा ऐक. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, १८६९ चा जन्म. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग ओळखू येत नाहीत असं लक्षात आल्यावर यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. व्हीजेटीआयमध्ये शिकवलं, बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडली आणि बेळगावात थोरले भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. जरा बस्तान बसतंय तोवर नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला सांगितली.

अशा माणसाला १९१० साली कुणी पैसे दिले असते? औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिले. कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपये, बिनव्याजी. बाळासाहेब स्वतः चित्रकार, लक्ष्मणराव चित्रकलेतून आलेले. दोघांची ओळख जुनी होती. मला नेहमी वाटतं की बाळासाहेबांनी नांगराचा खप पाहून पैसे दिलेच नाहीत, कारण पाहण्यासारखा खप नव्हताच. त्यांनी माणूस पाहिला. निवडुंग माजलेल्या, नागसापांच्या त्या माळावर पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुलं जाऊन राहिली, तीच पुढे किर्लोस्करवाडी झाली. जे आले तेही त्याच भरवशावर आले.

आता लक्ष्मणरावांनी या भरवशाचं काय केलं ते बघ, कारण माझा सगळा जीव या भागात अडकलेला आहे. त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर तुरुंगातून सुटून आलेली माणसं नेमली. कारखाना, माल, झोपलेली घरं, सगळं त्यांच्या हवाली. पुढे तीच वाडीची सर्वांत विश्वासाची राखण ठरली. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे यंत्रांची नवनवी रूपं काढणारे इंजिनिअर झाले. मंगेशराव रेगे कारकुनापासून हिशेब आणि कारभारापर्यंत पोचले. शंभूराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू सांभाळली, रामूअण्णांनी वसाहत आखली आणि चालवली. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. त्या काळात एवढ्यावरूनही आप्तस्वकीय तुटत असत.

लक्ष्मणरावांवर औंधचं ऋण होतं. पण बाळासाहेबांना परत करता येण्यासारखे होते ते फक्त पैसे. पत नसताना एकानं आपल्यावर टाकलेला विश्वास त्यालाच परत कसा करणार? तो ज्याची पत नाही अशा पुढच्या माणसावर टाकावा लागतो. लक्ष्मणरावांनी तसा टाकला. उद्योगातली कृतज्ञता मला इथेच दिसते, एवढी खणखणीत मला दुसरीकडे क्वचित दिसली आहे. आणि त्या पहिल्या माणसांची नावं आज शंभराहून अधिक वर्षांनीही घेतली जातात, ही गोष्ट यादी करताना लक्षात ठेव.

याचा मोबदला म्हणून सगळं गोड होतं असं मात्र मी तुला सांगणार नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ उसळली तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. चांगुलपणा हा विमा नसतो. कारखाना पुन्हा उभा राहिला, त्यामागे पैसा आणि कष्ट होतेच, पण वर्षानुवर्षं जोडलेली माणसं नसती तर ते कसं झालं असतं, मला सांगता येणार नाही.

तू तक्रार केलीस की ठेक्याची पोरं छठपूजेला गावी गेली की परतच येत नाहीत, दर वेळी नव्याला शिकवावं लागतं. हीच तक्रार नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होती. जमशेटजी टाटांनी १८७७ साली ती गिरणी सुरू केली तेव्हा गैरहजेरीनं ते हैराण होते. दंड लावणं त्या काळची रीत होती. त्यांनी खेळांचे दिवस भरवले, कुटुंबांसकट बक्षिसं वाटली, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. तेव्हा असं काही देण्याची कायद्याची सक्ती नव्हती. तुला पुष्कळ गोष्टींची सक्ती आहे, म्हणजे तुझं काम सोपं आहे. ठेकेदार त्या पोरांचा पीएफ भरतो का, ईएसआयचं कार्ड त्यांच्या हातात आहे का, बोनसचे किमान ८.३३ टक्के त्यांच्यापर्यंत पोचतात का, एवढं पावत्या मागवून बघ. कायद्यानं जे त्यांचं आहे ते आधी मिळू दे, आभार त्यानंतर. त्यांचे पैसे अडकलेले असताना घातलेली शाल मला बघवणार नाही.

भाषणात "आपण सारे एक कुटुंब" हे वाक्य घालू नकोस, अशीही माझी विनंती आहे. नोकरीतली इतकी वर्षं मी पगारपत्रकं आणि हजेरीची कामं केली, त्यात हे वाक्य बहुतेक वेळा बिनपैशाच्या ओव्हरटाइमच्या आधी ऐकलं. कुटुंबातल्या माणसाला मंदीत घराबाहेर काढत नाहीत. तुला दिवाळीनंतर जे करावं लागेल असं वाटतंय ते पाहता हा शब्द तुझ्या तोंडी खोटा पडेल, आणि कामगार असले शब्द फार काळ लक्षात ठेवतात.

मंदीबद्दल म्हणशील तर जपानमधल्या कोनोसुके मात्सुशितांचं उदाहरण मी दाजींनाही सांगत असे. १९२९ च्या अखेरीस त्यांचा खप निम्म्याहून खाली आला, गोदामं भरली. ते स्वतः आजारी, अंथरुणावर. सहकारी सल्ला घेऊन आले की निम्मी माणसं कमी करू. त्यांनी सांगितलं, उत्पादन निम्मं करा, काम अर्धा दिवस करा, पण माणूस एकही काढू नका आणि पगार पूर्ण द्या. उरलेल्या वेळात सगळ्यांनी मिळून साठलेला माल विकायचा. दोनेक महिन्यांत गोदामं रिकामी झाली. तुझ्या फौंड्रीत हे जसंच्या तसं जमणार नाही, कामगार कास्टिंग खांद्यावर टाकून विकायला जाऊ शकत नाही, हे मला कळतं. पण त्यांनी विचार कुठून सुरू केला ते बघ. माणसं राहणार हे आधी धरलं आणि बाकीचं गणित त्याभोवती मांडलं. तू माणसं कमी करण्यापासून सुरुवात केलीस. ओव्हरटाइम आधी थांबव. एका पाळीवर चालवता येतं का बघ. पंपाच्या कास्टिंगचं काम उद्यमनगरात विचारलंस का? कार्यक्रमाचा मांडव, छापील टी-शर्ट आणि जेवणावळ यांचा खर्च तू लिहिला आहेस, त्या रकमेत फेटलिंगला धूळ ओढणारी यंत्रणा सगळी बसणार नाही, पण पहिला टप्पा बसेल. टी-शर्टवर आभार छापण्यापेक्षा ते हवेत दिसू देत.

अजून एक. तुझा पॅटर्नवाला दाजींच्या पहिल्या दिवसापासून आपल्याबरोबर आहे. त्याचं बिल किती दिवसांनी निघतं? लहान पुरवठादाराला ४५ दिवसांच्या आत पैसे देणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि मला वाटतं आपल्याकडे ते त्याच्या बरंच पुढे जातं. त्याचं नाव पत्रिकेत "विशेष आभार" म्हणून आहे. त्याला ते आवडेलही, पण चेक आधी पाठव.

सत्कार रद्द कर असं मी म्हणत नाही. मोल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांना त्या दिवशी शाल मिळालीच पाहिजे, त्यांनी दाजींच्या पडत्या काळात दोन-दोन महिने पगारासाठी थांबून दाखवलंय. फक्त यादी ऑफिसकडून न घेता स्वतः शेडमध्ये फिरून कर. प्रत्येकाला नाव, गाव, घरी कोण कोण, हे विचार. फेटलिंगच्या पोरांची हिंदी तुला समजते, त्यांच्याशी बोलायला मुकादम लागत नाही.

चार ओळी मी पाठवत नाही, रागावू नकोस. त्याऐवजी एवढं कर: फेटलिंगमधल्या सगळ्यांची नावं, वयं आणि किती वर्षं या कामात आहेत ते लिहून मला पाठव. त्यांच्या छातीचा एक्स-रे आणि दमाची तपासणी करून घ्यायला हवी, ती जागेवर होते का याची मी इथल्या डॉक्टरांकडे चौकशी सुरू केली आहे. यादी आली की तारीख ठरवू. धूळ ओढायच्या यंत्रणेचं कोटेशन तू कोल्हापुरातच घे, दोघा-तिघांकडून घे, आणि आकडे मला फोनवर सांग. अक्काला नमस्कार. तिची बी.पी.ची गोळी सकाळी चुकते असं तीच म्हणाली, लक्ष ठेव.

तुझा,
मामा